कापलेली नाही, मुळातच नाही

ग्योंगजूकडच्या या अजोशींना, म्हणजे काकांना, शोधायला जावं लागत नाही. तेच तुम्हाला गाठतात. दक्षिण कोरियातल्या त्या जुन्या शहरालगत यांगदोंग नावाचं गाव आहे. गवताने शाकारलेली आणि कौलारू घरं, मातीची कुंपणं, २०१० पासून जागतिक वारशाच्या यादीत नाव. लोक येतात ते घरं बघायला. त्यातला एखादा कुंपणापाशी थबकतो, आतल्या कुत्र्याकडे बघून ‘अरेरे’ असा चेहरा करतो आणि मागून आवाज येतो, “कापलेली नाही. मुळातच नाही!”

कुत्र्याला शेपूट नसते, त्याबद्दल चाललंय हे. असलीच तर बोटाच्या पेराएवढी. जातीचं नाव दोंगग्योंगी. कोरियात जिंदो आणि साप्साली या देशी जाती बऱ्याच जणांना ठाऊक असतात, दोंगग्योंगी मात्र अजोशींनी अडवल्याशिवाय कोणाला कळत नाही.

अजोशींची साठी उलटलेली. अंगात गळ टाकून बसणाऱ्यांचं असतं तसलं दहा खिशांचं जाकीट. एका खिशात कुत्र्याचा खाऊ, एकात कंगवा, एकात गोचीड काढायचा चिमटा आणि वरच्या खिशात तयार कॉफीच्या पुड्या. कागदी पेल्यातली ती गोडमिट्ट कॉफी हातात ठेवली की पाहुणा अडकला. फोन उघडला की कुत्रा दिसतो. नातवाचेही फोटो आहेत, पण त्यासाठी बरंच खाली सरकवत जावं लागतं.

“हात द्या इकडे,” म्हणून ते तुमचं बोट धरतात आणि कुत्र्याच्या पाठीच्या कण्यावरून थेट टोकापर्यंत नेतात. “जखमेची खूण लागली? नाही ना? इतर कुत्र्यांपेक्षा मणकेच कमी असतात इथे.” कुत्रं बिचारं या तपासणीला इतकं सरावलेलं असतं, की पाहुणा दिसला की आपण होऊन पाठ करून उभं राहतं. मग त्याला लाड हवे असतात. शेपूट नाही, पण हलवायची हौस तर आहेच. मग कमरेपासून मागचं सगळं अंग डावीकडे-उजवीकडे हलतं, मागचे पाय घसरतात आणि कधी कधी ते चक्क खाली बसतं. अजोशी अभिमानाने बघतात. “बाकीची कुत्री नुसती शेपटी हलवतात. आमचं काम अर्धवट नसतं.”

इतिहास सुरू झाला की मात्र सुटका नाही. कुत्रा खातो काय, असं विचारलं तरी उत्तर सिल्लाच्या राजांपासून सुरू होतं. ग्योंगजू ही सिल्ला राज्याची राजधानी. तिथल्या पाचव्या-सहाव्या शतकातल्या थडग्यांत मातीच्या छोट्या मूर्ती सापडल्या, त्यांत आखूड शेपटीची कुत्री आहेत. मूर्तीचं शेपूट मागाहून मोडलं नसेल कशावरून, ही शंका मनातच ठेवावी. तिचं उत्तर त्यांच्याकडे तयार असतं आणि ते लांबलचक असतं. पुढे गोर्यो काळात या शहराला दोंगग्योंग, म्हणजे पूर्वेची राजधानी, म्हणू लागले, त्यावरून कुत्र्याचं नाव पडलं. सतराव्या शतकातल्या ‘दोंगग्योंग जाप्गी’ या ग्रंथातही इथल्या आखूड शेपटीच्या कुत्र्यांची नोंद आहे. ‘जाप्गी’ म्हणताना अजोशी हवेत पान उलटल्यासारखं करतात.

जपानी राजवटीपाशी आले की आवाज खाली येतो. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून सैन्याच्या उबदार कपड्यांसाठी कातडी हवी म्हणून कोरियातली कुत्री सरसकट मारली गेली. जपानी देवळांच्या दारात जे सिंहासारखे कुत्रे बसवतात, त्यांच्याशी दोंगग्योंगीचं साम्य होतं म्हणून त्यांच्यावर खास राग होता, असंही इथे सांगतात. बहुतेक जण तिथेच थांबतात. अजोशी थांबत नाहीत, म्हणून मला ते आवडतात. “नंतर आपणही काही कमी नाही केलं,” ते म्हणतात. शेपूट नसलेलं पिल्लू म्हणजे व्यंग, अपशकुन. जन्मलं की टाकून द्यायचे. “आमच्या घरीसुद्धा. माझ्या आजीनेच.” मग ते जरा वेळ कंगव्यातले केस काढत बसतात.

या शतकाच्या पहिल्या दशकात प्राध्यापक चोई सोक-ग्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उरलीसुरली कुत्री हुडकायला सुरुवात केली. रक्त तपासलं, डीएनए पाहिला, वंशावळी मांडल्या. २०१२ साली सरकारने दोंगग्योंगीला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला, क्रमांक ५४०. यांगदोंगच्या काही घरांत ही कुत्री सांभाळायला दिली गेली. पुढे २०२१ मध्ये वारशाचे क्रमांक वापरणं सरकारने बंद केलं, कारण लोक क्रमांकालाच मानाची पायरी समजायला लागले होते. अजोशींपर्यंत हा आदेश पोचलेला नाही. पोचला असेल तर त्यांनी तो वाचलेला नाही. “पाचशे चाळीस!” ते अजूनही ठणकावतात.

जिंदोचा क्रमांक ५३ होता, १९३८ पासूनचा, ही त्यांची जुनी ठसठस. वर जिंदोसाठी १९६७ पासून स्वतंत्र कायदा. त्यात १९९३ ची ती गोष्ट सगळ्या कोरियाला पाठ. देजॉनला विकलेला जिंदो कुत्रा काही महिन्यांनी तीनशे किलोमीटर तुडवून जिंदो बेटावरच्या म्हाताऱ्या मालकिणीच्या दारात हाडाचा सापळा होऊन उभा राहिला. कोणी ही गोष्ट काढली की अजोशी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, “फार चांगला कुत्रा. पण विकला कोणी?” साप्सालीबद्दल मात्र ते आदराने बोलतात. ग्योंगसानला ती जात वाचवली तेव्हा जेमतेम आठ कुत्री उरली होती. “आठ!” म्हणताना ते बोटं दाखवतात आणि प्रतिस्पर्ध्यालाही एक कॉफी पाजतात.

परदेशी पाहुणा एक प्रश्न विचारतोच, कधी तोंडाने, कधी नुसत्या नजरेने. अजोशींना तो ओठांवर यायच्या आधी कळतो. “२०२४ ला कायदा झालाय. मांसासाठी कुत्रं मारणं, विकणं २०२७ पासून बंद,” एवढं कोरडेपणाने सांगून ते विषय सिल्लाकडे वळवतात.

खरा अजोशी बघायचा तर पिल्लू मागायला कोणी आलेलं असताना बघावा. उपवर मुलीचा बाप स्थळाची चौकशी करील तशी प्रश्नावली सुरू होते. फ्लॅट कितव्या मजल्यावर? अंगण नाही? दिवसभर घरी कोण असतं? आधी कुत्रं होतं का, आणि ते कसं गेलं? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना एखाद्याचा आवाज ओला झाला, की अजोशी वहीत काहीतरी टिपतात. एकदा एक गृहस्थ सहज म्हणाले, “पांढरं असलं तर बरं, सोफ्याला शोभेल.” दोंगग्योंगी पांढरी, काळी, पिवळी आणि वाघासारख्या पट्ट्यांची अशी चारही रंगांत होते. पण अजोशी म्हणाले, “संपली.” मागे चार पिल्लं एकमेकांचे कान चावत होती.

बायको त्यांना ‘ह्वांगगूचे बाबा’ म्हणते. कोरियात नवऱ्याला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारायची पद्धत आहे. यांचा थोरला मुलगा सोलला नोकरी करतो. ह्वांगगू हा पिवळा कुत्रा. बाई हे चेष्टेने म्हणतात की वैतागून, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नाही. पण थंडीत कुत्र्याच्या घरात वाकळ त्याच घालतात.

आणि परसात आणखी एक कुत्रा आहे. तो ते पाहुण्यांना दाखवत नाहीत. एका वेतात लांब शेपटीचं पिल्लू निघालं. भाऊ-बहिणी नोंदवहीत गेल्या, हा बाहेर राहिला. नियम म्हणजे नियम, आणि नियमांच्या बाबतीत अजोशी फार कडक. “हा कोणाचा?” विचारलं तर “शेजाऱ्यांचा” म्हणतात. शेजाऱ्यांचा हा कुत्रा रात्री अजोशींच्या खोलीत झोपतो, आणि अजोशींनी दार उघडलं की त्याची शेपटी आधी आत जाते की तो आधी जातो, हे सांगता येत नाही, इतकी हलत असते.

यांगदोंगला जाणार असाल तर जरूर जा, पण परतीच्या शेवटच्या बसची वेळ आधी विचारून ठेवा. सिल्लापासून २०१२ पर्यंत यायला अजोशींना दीड तास लागतो, आणि मध्येच शंका काढलीत तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.