इंजिन बदललेली कॉन्टेसा कशी तपासावी

गाडी बघायला जाण्यापूर्वी मोबाइलमधलं यूपीआय बंद करून ठेवावं. जुनी कॉन्टेसा समोर उभी राहिली की रिक्षावाल्याशी दोन रुपयांसाठी वाद घालणारा माणूसही "टोकन किती देऊ?" असं विचारून बसतो. हा आजार आहे आणि त्यावर औषध नाही. पथ्य तेवढं पाळता येतं.

सोबत लोहचुंबक, टॉर्च, जुनी चादर आणि मेहुणा न्यावा. चुंबकाला रुमाल गुंडाळलेला असावा. मेहुण्याला गाड्यांतलं काहीही कळत नसावं, ही अट आहे. त्याचं काम एकच, दर पाच मिनिटांनी टायरकडे बघून "हं..." म्हणायचं. त्या एका "हं"नं किंमत जेवढी उतरते तेवढी दोन मेकॅनिकांच्या निदानानं उतरत नाही.

थोडा इतिहास माहीत असलेला बरा, नाहीतर विक्रेता स्वतःचा सांगतो. हिंदुस्तान मोटर्सनं 1984 साली कॉन्टेसा आणली. तिचा मूळ आराखडा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हीएक्सचा. लांबलचक बॉनेट, रुंद छाती, मागच्या चाकांना ड्राइव्ह, सगळं कसं रुबाबदार. बॉनेट उघडलं की आत ॲम्बॅसडरचंच 1489 सीसीचं, जेमतेम 50 हॉर्सपॉवरचं इंजिन. अंगकाठी पैलवानाची आणि दम कारकुनाचा. अमेरिकेत पॉन्टिॲकनं 1964 मध्ये मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं व्ही-8 इंजिन टाकून जीटीओ काढली आणि मसल कार नावाच्या जातीला बाळसं आलं. आपल्या कंपनीनं नेमकं उलट केलं. पुढे तिला उपरती झाली, इसुझूचं 1.8 लिटरचं पेट्रोल इंजिन आलं, मग 2 लिटरचं डिझेलही. 2002 साली गाडी बंद पडली (उत्पादन म्हणायचंय, रस्त्यावर ती आधीपासून पडतच होती). उरलेलं काम गॅरेजवाल्यांनी हाती घेतलं. त्यामुळे आज कॉन्टेसाच्या बॉनेटखाली काय निघेल हे सांगणं ज्योतिषालाही अवघड आहे.

अकराला येतो म्हणून सांगावं आणि साडेदहाला पोचावं. नमस्कार-चमत्काराआधी बॉनेटवर तळहात ठेवावा. गरम लागलं तर विक्रेता म्हणेल, "आत्ताच जरा सावलीतून बाहेर काढली, साहेब." आपण म्हणावं, "काही हरकत नाही, आम्ही जेवून येतो." थंड इंजिन खोटं बोलत नाही. गरम झालेलं इंजिन कुणाच्याही बाजूनं साक्ष देतं.

चावी फिरवायची, पण स्टार्ट करायचं नाही. ऑइलचा लाल दिवा लागला पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. तो मुळात लागतच नसेल तर ऑइल प्रेशर उत्तम आहे असा अर्थ काढू नये. कुणीतरी बल्ब काढून ठेवलाय किंवा नव्या इंजिनाच्या स्विचला वायर जोडलेलीच नाही. टेम्परेचरच्या काट्याचंही तसंच. वीस मिनिटं चालवूनही काटा जागचा हलत नसेल तर गाडी थंड चालते असं नव्हे, काट्याला कुणी विचारत नाही एवढंच.

आता धूर. निळा असेल तर ऑइल जळतंय. काळा असेल तर इंधन जास्त जातंय. पांढरा धूर सकाळी थोडा वेळ आला तर चालतं, पण तो थांबतच नसेल आणि त्याला गोडसर वास असेल तर कूलंट सिलिंडरात शिरतंय. इंजिन बंद असताना ऑइलचं झाकण उघडून आतून बोट फिरवावं. बोटाला दुधाळ लोण्यासारखं काही लागलं तर हेड गॅसकेट उडालंय. मग पुन्हा इंजिन चालू करून तेच झाकण भोकावर नुसतं उलटं ठेवावं. ते हलकं थरथरलं तर ठीक, पण ताडताड उडायला लागलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. मिस्त्री याला "बॅक कॉम्प्रेशन मारतंय" म्हणतात. विक्रेता याला "पॉवर आहे साहेब" म्हणतो.

यानंतर चादर अंथरून गाडीखाली शिरावं. खरा ग्रंथ तिथं उघडतो. कंपनीनंच कॉन्टेसात दिलेलं इसुझू दुसऱ्या कॉन्टेसातून काढून बसवलं असेल तर फाउंडेशन, गिअरबॉक्स, सगळं ओळखीचं असतं आणि निम्मी चिंता मिटते. पण भंगारातून आणलेलं कुठल्या तरी टेम्पोचं इंजिन असेल तर प्रत्येक वेल्डिंगकडे संशयानं बघावं. फाउंडेशनचे रबर एका पातळीत आहेत का? ऑइलचा चेंबर क्रॉस मेंबरला घासतोय का? प्रॉपेलर शाफ्ट कापून जोडलाय का? जोडलेला असेलच. प्रश्न एवढाच, की जोडल्यावर बॅलन्स केला का. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर असं काम घड्याळाच्या तोडीचं करणारे कारागीर आहेत, आणि गल्लोगल्ली अंदाजे डाग देणारेही आहेत. फरक साठच्या पुढे स्पीड गेला की बुडाखाली कळतो. किती स्पीडला, ते मात्र नेमकं कळणार नाही, कारण गिअरबॉक्स बदलल्यावर स्पीडोमीटरही मनाला येईल ते दाखवतो.

ब्रेकबद्दल गंभीरपणे. मूळ गाडी पेट्रोलची आणि आता आत डिझेल असेल तर हे वाचल्याशिवाय गाडी हलवू नये. पेट्रोल इंजिनात ब्रेक बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम मॅनिफोल्डमधून मिळतो. डिझेलला तसा व्हॅक्यूम तयार होत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, बऱ्याचदा अल्टरनेटरच्या पाठीवर बसवलेला. हौशी मंडळी इंजिन बसवतात, म्युझिक सिस्टिम बसवतात आणि पंप विसरतात. परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबावा, पेडल दगड होईल. मग पाय तसाच दाबून ठेवून स्टार्ट मारावा. पेडल थोडं खाली सरकलं तर बूस्टर जिवंत आहे. नाही सरकलं तर घाटाचा रस्ता नसलेल्या जिल्ह्यातल्या गिऱ्हाइकासाठी ही गाडी सोडून द्यावी.

पत्र्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. चुंबक चिकटला नाही तिथं लांबी भरलीय. डिकीतल्या स्टेपनीखाली आणि पायाखालच्या मॅटखाली बोट दाबून बघावं, आरपार जाऊ नये इतकीच अपेक्षा.

विक्रेत्याचं बोलणं सुरू असेलच. "हौसेनं बनवलीय, खर्चाकडं बघितलंच नाही," असं तो म्हणाला की त्यानं वायरिंगकडंही बघितलेलं नाही असं समजावं. "एक रुपयाचं काम नाही," हे खरं असतं, काम हजारांत असतं. आपण एकच विचारावं, "दादा, इंजिन कुणी बसवलं?" अशा गाडीत पत्रा हिंदुस्तान मोटर्सचा असतो आणि बाकीचं सगळं त्या मिस्त्रीच्या डोक्यातलं असतं. कुठली वायर कुठं, क्लच प्लेट कोणत्या गाडीची, रेडिएटर किती रांगांचा, हे कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. विक्रेत्यानं तिथल्या तिथं फोन लावून दिला आणि पलीकडचा माणूस "हां, ती मरून कॉन्टेसा" म्हणाला, तर बोलणी पुढे न्यावीत. "तो आता गावी गेला" म्हणाला, तर आपणही घरी जावं.

शेवटी कागद. इंजिनाच्या ब्लॉकवरचा नंबर पुसून, त्यावर कागद धरून पेन्सिल घासावी आणि आरसीशी ताडून बघावा. चासी नंबरचंही तेच. मोटार वाहन कायद्याचं 52वं कलम इंजिन बदलायला आरटीओची परवानगी मागतं आणि बदल आरसीवर चढवायला लावतं. आरसीवर पेट्रोल आणि टाकीत डिझेल अशी गाडी ठोकली गेली तर विमा कंपनी प्रेमानं चहा पाजेल, पैसे देणार नाही. "ते ट्रान्सफरच्या वेळी करून देतो, आपला माणूस आहे आरटीओत," हे वाक्य ऐकलं की हजार रुपयांचं टोकनही देऊ नये. नंबर आरसीवर चढला की कळवा म्हणून सांगावं आणि निघावं. गाडी हातची जाईल ही भीती नको. अशा कॉन्टेसा वर्ष वर्ष तिथंच उभ्या असतात.