कोयरीवर कोयरी

चित्रं काढायचे दोन प्रोग्रॅम वेगवेगळे असतात म्हणून एकातून दुसऱ्यात जाणारा माणूस गडबडतो, असं सगळे मानतात. मला ते पटत नाही. वेगळेपण परवडतं, घात करतं ते सारखेपण. मराठी माणूस तमिळ ऐकून गप्प बसतो आणि हातवाऱ्यांवर निभावून नेतो. हिंदीत मात्र तो बेधडक घुसतो आणि समोरचा ‘मैंने बहुत चेष्टा की’ म्हणाला की त्याला राग येतो. बिचाऱ्याने प्रयत्न केलेला असतो. कोरलड्रॉ, इलस्ट्रेटर आणि इंकस्केप यांचं नातं असंच मराठी-हिंदीचं आहे. पेनने रेघ ओढा, गोल काढा, रंग भरा, इथवर सगळं घरच्यासारखं वाटतं. मग एखादी वस्तू दुसरीत झाकायची वेळ येते, किंवा एकीच्या दहा करायच्या असतात, आणि घर परक्याचं असल्याचं कळतं.

कंट्रोल-डी हेच घ्या. लग्नपत्रिकेच्या काठावर कोयऱ्यांची ओळ लावायची आहे. इलस्ट्रेटरमध्ये ऑल्ट दाबून एक कोयरी बाजूला ओढायची आणि मग कंट्रोल-डी दाबत राहायचं. तेवढ्याच अंतरावर कोयऱ्या पंगतीला बसल्यासारख्या बसत जातात. ही कळ तिथे मुळात प्रती काढतच नाही. ‘मघाशी केलंस ते पुन्हा कर’ एवढंच सांगते. त्यामुळे कोरलवर हात बसलेला माणूस नुसती कोयरी निवडून ती दाबतो तेव्हा काहीच होत नाही. आणि मघाशी काही फिरवलं असेल, तर कोयरी वाढायच्या ऐवजी गिरकी घेते. कोरलमध्ये तीच कळ म्हणजे डुप्लिकेट, आणि नवी प्रत जराशी सरकून दिसेल अशी बसते. इंकस्केपमध्येही डुप्लिकेटच, पण प्रत मूळ वस्तूच्या अगदी डोक्यावर. पडद्यावर तसूभर फरक दिसत नाही, म्हणून माणूस पुन्हा दाबतो, मग चिडून आणखी तीनदा. एका कोयरीखाली पाच कोयऱ्या दडून बसतात. छपाईत हे एखादे वेळी खपून जाईल. पण फाइल रेडियमवाल्याच्या कटिंग प्लॉटरवर गेली, की पातं त्याच रेघेवरून सहा वेळा फिरतं आणि खालच्या कागदासकट कोयरी हातात येते.

झाकण्याची गोष्ट याहून खोल आहे, कारण तिथे कळांच्या मागे विचारच निराळे आहेत. कोरलचा पॉवरक्लिप हा डबा आहे. फोटो निवडायचा, मग येणाऱ्या ठसठशीत बाणाने गोल दाखवायचा, की फोटो गोलात जातो. गोलाची सोनेरी किनार जागच्या जागी राहते. (जुन्या आवृत्त्यांत आत गेलेला फोटो आपणहून मधोमध जाऊन बसायचा, सभेला उशिरा आलेल्या पुढाऱ्यासारखा.) इलस्ट्रेटरचा क्लिपिंग मास्क म्हणजे भिंतीला पाडलेली खिडकी. गोल वर ठेवायचा, दोन्ही निवडून कंट्रोल-७ दाबायचं. फोटो कापला जातो आणि त्याच क्षणी सोनेरी किनार नाहीशी होते. यात चूक कुणाची नाही. १९८७ साली आलेला इलस्ट्रेटर अडोबीच्याच पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेच्या पोटचा, आणि पोस्टस्क्रिप्टमध्ये कापायला घेतलेली रेघ स्वतः शाई उमटवत नाही. भोकाला रंग कसला द्यायचा? एसव्हीजी या फाइल-प्रकारावर उभ्या असलेल्या इंकस्केपमध्ये तर क्लिप वेगळी आणि मास्क वेगळा. मास्कमध्ये पांढरं ते दिसतं, काळं ते लपतं. इलस्ट्रेटरच्या सवयीने कुणी काळाभोर गोल ठेवून मास्क लावला, तर नवरदेवाचा फोटो समूळ अदृश्य होतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: कळा बदलून घ्या की. घेता येतात, खरंय. इंकस्केप तर कोरल आणि इलस्ट्रेटरच्या धर्तीचे कळांचे तयार संचही सोबत देतो. पण कळ बदलली म्हणून खिडकीचा डबा होत नाही. किनार गेली ती गेलीच, फक्त ओळखीच्या बोटाने गेली. दुसरा आक्षेप शहाण्यांचा: एकच प्रोग्रॅम धरून राहावं. हे म्हणणाऱ्याने पत्रिकेचं काम कधी पाहिलेलं नसावं. आपल्याकडचा पत्रिकावाला आणि फ्लेक्सवाला बहुधा कोरलवर, जाहिरात एजन्सी इलस्ट्रेटरवर, आणि लायसन्सचे पैसे न परवडणारा होतकरू मुलगा इंकस्केपवर. एकच गणपती तिघांच्या हातून जायचा, तर प्रत्येकाच्या उंबरठ्याशी त्याची सोंड तपासावी लागणार.

तिसऱ्या आक्षेपात मात्र दम आहे: माणसाने कशाला शिकायचं, भाषांतर फाइलने करावं. पीडीएफ करून पाठवलं की चित्र दिसतं बिनचूक, हे मी मान्य करतो. पण पीडीएफला डबा ठाऊक नाही, कापणं तेवढं ठाऊक आहे. म्हणून कोरलमध्ये एका पॉवरक्लिपमध्ये नीट ठेवलेला गणपती इलस्ट्रेटरमध्ये उघडला, की लेयर्सच्या यादीत क्लिप ग्रुप, त्याच्या पोटात क्लिप ग्रुप, त्याच्याही पोटात आणखी एक, असा कांदा निघतो. इंकस्केपच्या क्लोनचंही तसंच. मूळ कोयरी लाल केली की सगळ्या क्लोन कोयऱ्या लाल व्हाव्यात, हे नातं पीडीएफच्या वाटेवर तुटतं. पलीकडे पोचतात त्या सुट्या कोयऱ्या. आणि नेमकं तेव्हाच वधूपक्षाकडून फोन येतो, की कोयऱ्या लाल नकोत, मोरपिशी हव्यात.