पंखा बंद, सज्जता चालू

अणुवीज केंद्रातला आणीबाणी कक्ष म्हणजे अपघात झाल्यावर जाणकारांनी एकत्र बसून डोके चालवावे यासाठी राखून ठेवलेली खोली. अमेरिकेतल्या केंद्रांना ही खोली सक्तीची झाली ती थ्री माइल आयलंडच्या अपघातानंतर. २८ मार्च १९७९ च्या पहाटे तिथल्या नियंत्रण कक्षात शंभरावर इशारे एकदम वाजू आणि लुकलुकू लागले. इशाऱ्यांची नोंद छापणारे यंत्र पुढे पुढे दोन तासांहून अधिक मागे पडले, म्हणजे अणुभट्टीची खबर शिळी होऊन कागदावर येऊ लागली. त्यात मदतीला धावून आलेल्यांची दाटी. सल्ला देणाऱ्यांना बटणांपासून दूर, पण हाकेच्या अंतरावर बसवावे, असे त्यावरून ठरले. नियंत्रण कक्षापासून चालत दोन मिनिटे, हे अंतरही ठरले.

खोलीत आराखड्यांच्या गुंडाळ्या असतात, थेट जोडलेले फोन असतात, अणुभट्टीचे आकडे दाखवणारे पडदे असतात. पण खोलीला आणीबाणी कक्ष हे नाव शोभते ते भिंतीआडच्या पंख्यामुळे. बाहेरची हवा तो आत ओढतो, बारीक कण अडवणाऱ्या जाळीतून आणि किरणोत्सारी आयोडीन शोषणाऱ्या कोळशाच्या थरातून गाळतो आणि खोलीत हवेचा दाब किंचित जास्त ठेवतो, जेणेकरून फटींतून हवा बाहेर जावी, आत येऊ नये. ही खोली नियंत्रण कक्षाइतकीच राहण्याजोगी असली पाहिजे, असा दंडक आहे. त्याच दंडकाने पंख्याला तीन सवलतीही दिल्या आहेत. तो भूकंपात टिकलाच पाहिजे असे नाही, त्याला जोडीचा दुसरा पंखा हवाच असे नाही आणि तो आपोआप सुरू झाला पाहिजे असेही नाही. भूकंपाने अपघात झाला तर ज्या खोलीत बसायचे, तिच्या पंख्याने भूकंप सोसावा अशी कोणाची अपेक्षा नाही. सोसलाच, तर कोणीतरी जाऊन बटण दाबायचे.

दोन मिनिटांवरच्या नियंत्रण कक्षाची हवा मात्र दुहेरी यंत्रणेवर चालते. तिच्यातली एक बाजू बिघडली तर साधारणपणे ७ दिवसांची मुदत मिळते, आणि तेवढ्यात दुरुस्ती झाली नाही तर अणुभट्टी बंद करावी लागते. आणीबाणी कक्षाच्या पंख्याला अशी तारीख नाही. तो बंद राहू शकतो आणि वीजनिर्मिती चालू राहू शकते.

पंखा बंद पडण्याची कारणे कुठल्याही कारखान्यातला फिटर तोंडपाठ सांगेल. पट्टा तुटतो, बेअरिंग जाते, मोटर जळते, झडप अर्धवट उघडी राहते, गारव्याच्या यंत्राचे पाणी गळते, कोळसा ओला होतो. यात अणुविज्ञान कुठेच नाही. आणीबाणी हाताळण्याच्या क्षमतेला मोठी बाधा आली तर ८ तासांत कळवावे, असा नियम आहे, म्हणून तुटलेल्या पट्ट्याचीही रीतसर खबर जात असे. ही खबर वाचण्यासारखी असते. पहिल्या ओळीत पंखा बंद झाल्याचे येते, दुसरीत दुरुस्ती चालू असल्याचे, आणि मग छापील परिच्छेद सुरू होतो. आणीबाणी जाहीर झालीच तर कक्ष नेहमीप्रमाणे उघडला जाईल, आतली हवा राहण्याजोगी उरली नाही तर कर्मचाऱ्यांना पर्यायी ठिकाणी हलवले जाईल, जनतेच्या आरोग्यावर व सुरक्षिततेवर काहीही परिणाम झालेला नाही. केंद्र कोणतेही असो, तुटले काहीही असो, या मजकुराचे स्वल्पविरामसुद्धा सहसा हलत नाहीत.

या पर्यायी ठिकाणाकडे जरा निरखून पाहिले पाहिजे. हवा राहण्याजोगी उरली नाही हे ठरवायला आधी तिच्यात कोणीतरी बसलेले असावे लागते, म्हणजे या योजनेची पहिली पायरी ती हवा श्वासात घेणे ही होय. दुसरी पायरी उठण्याची. ती साहजिकच अपघाताच्या ऐन भरात येते, कारण बाहेर किरणोत्सार सुटल्याशिवाय आतली हवा बिघडत नाही. त्या वेळी अणुभट्टीत पाणी किती उरले, वारा कोणीकडे, किती गावे रिकामी करायची यांवर डोके लावून बसलेली मंडळी हातातले काम टाकतील, आराखडे काखोटीला मारतील आणि रांगेने आवारात उतरतील. आवारात बाहेरची हवा असते, म्हणजे जिच्यापासून वाचण्यासाठी ती खोली बांधली होती तीच. ती ओलांडून मंडळी पर्यायी ठिकाणी पोचतील, तिथे फोन पुन्हा जोडतील, कोण कुठे बसायचे ते ठरवतील. आणि एवढ्यात अपघाताचा दर्जा वाढला तर १५ मिनिटांत स्थानिक प्रशासनाला कळवण्याचे घड्याळ काही त्यांच्यासाठी थांबत नाही. काही केंद्रांत तर हे पर्यायी ठिकाण नियंत्रण कक्षात किंवा त्याला लागूनच असते. जी दाटी टाळण्यासाठी १९७९ नंतर वेगळी खोली बांधली, तीच दाटी पंख्याचा पट्टा तुटल्यामुळे जागच्या जागी परत. दरम्यान परिसरातल्या रहिवाशांना याच यंत्रणेच्या सल्ल्याने सूचना गेलेली असते: घरातच थांबा, दारे-खिडक्या लावून घ्या, पंखे आणि एसी बंद ठेवा. यातल्या शेवटच्या सूचनेबाबत केंद्राने स्वतःच्या उदाहरणाने आदर्श घालून दिला आहे, हे मान्य करावे लागते.

सज्जतेची बाकीची साधने अशीच बंद पडतात आणि त्यांचाही पर्याय तयार असतो. केंद्राभोवती १० मैलांच्या म्हणजे १६ किलोमीटरच्या वर्तुळात लोकांना तातडीने सावध करण्यासाठी बहुतेक ठिकाणी खांबांवर भोंगे बसवलेले असतात. नियोजनाचे वर्तुळ भारतातही १६ किलोमीटरचेच आहे. वादळात वीज गेली की ज्यांना बॅटरी नाही ते भोंगे मुके होतात, आणि मग ध्वनिक्षेपक लावलेली गाडी जत्रेत हरवलेल्या मुलाचे नाव पुकारावे तशी गल्लोगल्ली फिरवायची असते. वाऱ्याची दिशा सांगणारा मनोरा बंद असेल तर जवळच्या हवामान केंद्राला फोन करायचा. फोन बंद असेल तर दुसरा फोन. भूकंपमापकाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. २३ ऑगस्ट २०११ रोजी अमेरिकेत व्हर्जिनियात ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला. नॉर्थ ॲना इथल्या अणुभट्ट्या बंद झाल्या, बाहेरून येणारी वीज गेली, आणि त्याबरोबर नियंत्रण कक्षातल्या भूकंप नोंदवणाऱ्या फलकाचीही वीज गेली. भूकंप झाल्याचे ठरवायला कर्मचाऱ्यांना स्वतःच्या पायांवर विसंबावे लागले. आणीबाणीसाठी ठेवलेल्या चार डिझेल जनरेटरांपैकी एक तासाभराच्या आत बंद पडला, कारण नीट न बसवलेल्या गॅस्केटमधून पाणी गळत होते. बाकीचे तीन चालले म्हणून पुढे काही वाचायला मिळाले नाही.

पर्यायाचा कस लागला तो जपानमध्ये. १६ जुलै २००७ च्या भूकंपानंतर काशिवाझाकी-कारिवा केंद्रात रोहित्राला आग लागली. अग्निशमन दलाशी थेट जोडलेला फोन आणीबाणी कक्षात होता आणि कक्षाचे दार भूकंपाने अडकून बसले होते. आग विझायला सुमारे दोन तास गेले. हा धडा मात्र घेतला गेला: भूकंपाचे हादरे सोसणाऱ्या, हवा गाळणाऱ्या वेगळ्या इमारती बांधायचे ठरले. फुकुशिमा दाइइचीच्या आवारातली इमारत जुलै २०१० मध्ये पूर्ण झाली, आणि आठ महिन्यांनी, ११ मार्च २०११ रोजी, भूकंप आणि त्सुनामी आली. माणसाला बसलेला किरणोत्सार मोजणारी, आवारातली सुमारे ५००० डोसिमीटर भिजून निकामी झाली. ३२० उरली, ती तुकडीमागे एक अशी पुरवून वापरावी लागली. मोटारींच्या बॅटऱ्या काढून नियंत्रण कक्षातल्या मापकांना जोडल्या गेल्या. स्फोट झाले, त्या इमारतीतही किरणोत्सार शिरला, तरी माणसे तिथे टिकून राहिली आणि काम करत राहिली.

तिथून ५ किलोमीटरवर सरकारचे आणीबाणी केंद्र होते. लोकांना कुठे हलवायचे, आयोडीनच्या गोळ्या कधी द्यायच्या, हे सारे तिथे बसून ठरवायचे होते. भूकंपात त्याची वीज गेली, जनरेटरनेही दगा दिला आणि तो सुरू होईपर्यंत मध्यरात्र उलटली होती. नेहमीचे फोन गेले, उपग्रह फोन तेवढे उरले. जिल्हाभरातल्या किरणोत्सार मोजणाऱ्या २४ ठाण्यांपैकी २३ निकामी झाली होती. १२ मार्चच्या पहाटे स्थलांतराची हद्द १० किलोमीटर झाली आणि स्थलांतर ज्याने चालवायचे ते केंद्रच हद्दीच्या आत आले. पण ते उठले ते एवढ्याने नव्हे. ते उठले हवेमुळे. त्या इमारतीत हवा गाळण्याची सोय नव्हती. किरणोत्सार आत वाढत गेला आणि १५ मार्चला सगळ्यांना तिथून सुमारे ६० किलोमीटरवरच्या फुकुशिमा शहरात जावे लागले. अणुभट्टीजवळ गाळणी होती, तिथली माणसे थांबली. ५ किलोमीटरवर नव्हती, तिथली निघाली. आणि ही सोय नाही हे कोणाला ठाऊक नव्हते असेही नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये सरकारी तपासणीनेच तिथे किरणोत्सार रोखणारी गाळणी बसवा असे लेखी सुचवले होते. दोन वर्षे! दोन वर्षांत एक गाळणी बसत नाही, आणि तरी दरवर्षी सराव होतात, सरावात कोणी खोकत नाही, सराव यशस्वी झाल्याचे छायाचित्र निघते. सरावात अपघात नेहमी कार्यालयीन वेळेत होतो, वीज असते, फोन लागतात आणि खिडकीबाहेरची हवा चांगली असते. अशा सरावातून एवढेच सिद्ध होते की चांगल्या हवेत माणसांना बैठक घेता येते. खऱ्या अपघातात २० किलोमीटरच्या आतल्या रुग्णालयांतून आणि वृद्धाश्रमांतून लोकांना हलवताना मार्चअखेरपर्यंत किमान ६० जण दगावले. त्यांतले काही तासन् तास बसमध्ये बसून होते. त्या बस कुठे न्यायच्या हे जिथून ठरायला हवे होते, तिथे श्वास घेण्याची सोय नव्हती.

अमेरिकेत या अनुभवानंतर आणीबाणीच्या सोयींवर पुष्कळ खर्च झाला. आणीबाणी कक्षाच्या पंख्याच्या सवलती मात्र शाबूत राहिल्या. खबर देण्याच्या नियमात तेवढी सुधारणा झाली: उपयोगी पडेल असा पर्याय हाताशी असेल, किंवा ठरवून केलेल्या दुरुस्तीसाठी यंत्र थोड्या काळापुरते बंद असेल, तर सहसा ती ८ तासांची खबर द्यावी लागत नाही. पर्याय अर्थातच हाताशी असतो. तो छापील परिच्छेद बऱ्याच ठिकाणी आता पाठवावाही लागत नाही.

जी मुदत नियंत्रण कक्षाच्या हवेला आहे तीच या खोलीच्या हवेलाही लावावी: ७ दिवसांत पंखा चालू झाला नाही, तर अणुभट्टी बंद. पट्टे त्याच दिवशी बदलले जातील.