पुरवणी मिळेल का?

दहावीच्या पेपराला घंटेची भीती कोणालाच वाटत नाही. ती अकराला होणार, हे सगळ्या घराला वेळापत्रक आल्यापासून पाठ असतं. खरी धडकी भरते ती त्यानंतर पाऊण तासाने. मराठीचा पेपर असतो, आपण पहिल्याच उताऱ्यात रुतलेले असतो आणि खिडकीजवळच्या बाकावरून एक हात वर जातो. "सर, पुरवणी." त्या आवाजात विनंती नसते. वर्गाला दिलेली माहिती असते. अख्खा वर्ग क्षणभर मान वर करून त्या मुलीकडे बघतो आणि मग प्रत्येकाचं अक्षर अचानक मोठं होतं, दोन शब्दांतलं अंतर वाढतं आणि दर चार ओळींनंतर नवा परिच्छेद सुरू होतो.

केंद्राबाहेर रसवंतीच्या सावलीत उभ्या असलेल्या आयांना हे बरोबर माहीत असतं. मुलगा फाटकातून बाहेर आला की पेपर कसा होता हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, "किती घेतल्यास?" मुलगा "दोन" म्हणाला की आई शेजारच्या बाईंकडे बघत नाही. शेजारच्या बाईंच्या मुलीने चार घेतलेल्या असतात आणि ते त्यांनी अजून सांगितलेलंही नसतं.

कागद भरण्याचं हे शिक्षण शाळेत रीतसर मिळतं. "कोऱ्या पानाला मार्क देता येत नाहीत," असं आमचे एक सर सांगायचे, "चुकीच्या उत्तराला निदान अर्धा तरी देता येतो." हे वाक्य आम्ही पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही वाक्यापेक्षा मनावर घेतलं. उत्तर येत नसेल तर आधी प्रश्न पुन्हा लिहायचा. मग तोच प्रश्न उलटा फिरवून पहिलं वाक्य करायचं. मग मुद्दे, मुद्द्यांखाली रेघ, रेघेखाली एक ओळ मोकळी. इतिहासात तर सोयच होती. राजकीय, सामाजिक, आर्थिक, धार्मिक आणि लष्करी ही कारणं आम्ही 1857 च्या उठावासाठी पाठ केली. पण पुढे कुठलंही साम्राज्य कोसळलं तरी ती पुरली. मागच्या वर्षी आमच्या सोसायटीची वार्षिक सभा उधळली, तेव्हाही सचिवांनी इतिवृत्तात जवळपास हीच कारणं दिली. लष्करी तेवढं वगळलं, कारण वॉचमन त्या दिवशी रजेवर होता.

निबंधाला मात्र काळाच्या कसोटीला उतरलेले साचे होते. फेब्रुवारी लागला की महाराष्ट्रातल्या निर्जीव वस्तू बोलायला लागतात. फाटकी छत्री, गंजलेली सायकल, रद्दीत पडलेलं पुस्तक, ओसाड किल्ला. सगळ्यांची गोष्ट एकच. आधी दुकानातले किंवा दरबारातले वैभवाचे दिवस, मग एक प्रेमळ मालक, मग उपेक्षा, आणि शेवटी "मित्रा, माझी एवढी इच्छा तू पूर्ण करशील ना?" 'सूर्य उगवला नाही तर' या निबंधात पहिला परिच्छेद लोळण्याचा, दुसरा शाळेला सुट्टीचा; तिसऱ्यात पिकं करपायच्या ऐवजी उगवतच नाहीत आणि चौथ्यात तो रोज उगवतो हेच किती बरं असं ठरतं. 'मी पाहिलेला अपघात' मला कधीच जमला नाही असं नाही, पण तो वाचताना परीक्षकांना काय वाटत असेल याचा विचार मी आजही करतो. एका मार्च महिन्यात, एकाच प्रकारच्या वळणावर, तोच भरधाव ट्रक, आणि बघायला राज्यभरातली मुलं.

या सगळ्या पसाऱ्यात एकच विषय पुरवणीला दाद देत नाही, तो म्हणजे भूमिती. चाळीस मार्क, दोन तास. तिथे कागदाची लांबी कोणाला दिपवत नाही. पक्ष लिहायचा, साध्य लिहायचं, आकृती काढायची. इथवर सगळे विद्यार्थी समान असतात आणि वर्गात पेन्सिलींचा फार सुंदर आवाज येतो. मग 'सिद्धता' हा शब्द लिहून त्याखाली रेघ मारली जाते. त्या रेघेखालच्या मोकळ्या जागेकडे बघत कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदा देवाचा गंभीरपणे विचार केला आहे. भूमिती हा मला शाळेतला सर्वांत सभ्य विषय वाटतो. तो आपल्याला येत नाही हे तो ताबडतोब सांगतो. मराठी ते निकालापर्यंत लपवून ठेवते.

शेवटची दहा मिनिटं म्हणजे दोऱ्याची. पर्यवेक्षक पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे वाटत येतात आणि वर्गात एकच धांदल उडते. पुरवण्यांवर बैठक क्रमांक घातला का, क्रम बरोबर आहे का, दोरा भोकातून जातो का. प्रमेय सिद्ध करणाऱ्या मुलांना साधी गाठ मारता येत नाही, हे त्या दहा मिनिटांत उघडकीला येतं. कोणाची तिसरी पुरवणी दुसरीच्या आधी लागते, कोणाची उलटी. आमच्या वर्गात एकाने घाईत पुरवण्यांबरोबर प्रश्नपत्रिकाही बांधून दिली. बाहेर सगळे उत्तरं ताडून पाहत होते, तेव्हा तो एकटाच सुखात होता.

राज्य मंडळाची स्थापना 1966 ची. तेव्हापासून अभ्यासक्रम बदलले, अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आली, विभागीय मंडळं नऊ झाली. पण निकालाची टक्केवारी ठरवणारं गणित कोणत्याच पुस्तकात शिकवलेलं नाही. 2019 मध्ये भाषा विषयांचे शाळेच्या हातातले वीस मार्क काढून घेतले आणि राज्याचा निकाल 77.10 टक्क्यांवर आला. मार्क परत दिले, तर 2020 मध्ये तो 95.30. त्या 2020 च्या मुलांचा तर भूगोलाचा पेपर टाळेबंदीत झालाच नाही. बाकीच्या विषयांवरून सरासरीने मार्क मिळाले. महाराष्ट्रात नद्या कुठून कुठे वाहतात हे एका अख्ख्या पिढीने मराठी आणि गणिताच्या जोरावर सिद्ध केलं. पुढच्या वर्षी परीक्षाच रद्द झाली, एकही पुरवणी खर्ची पडली नाही, आणि निकाल लागला 99.95 टक्के. पुरवण्यांवर श्रद्धा असलेल्या आयांनी हा आकडा मनावर घेतला नाही, हे एक बरं झालं.

आता मराठीची प्रश्नपत्रिका जाऊन कृतिपत्रिका आली आहे. चौकटी पूर्ण करा, आकृती पूर्ण करा, दोन शब्दांत लिहा. आमचा भाचा यंदा परीक्षेला बसला होता. बाहेर आल्यावर ताईने ठरलेला प्रश्न विचारला. तो म्हणाला, "मामाच्या वेळचं वेगळं होतं गं. मला एक लागली, तीही अर्धी." ताईचा चेहरा बघून मीच म्हटलं, "चौकटी व्यवस्थित भरल्या असतील." ती म्हणाली, "चौकटीत काय कप्पाळ मावतं!" तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. चौकटीत मामा-भाच्यांचं भलं होईल, ताईचं समाधान होणार नाही.

एवढ्या पुरवण्या शेवटी वाचतं कोण, ही शंका मला बरीच वर्षं होती. आमची एक मावशी माध्यमिक शाळेत मराठी शिकवायची आणि एप्रिलच्या उकाड्यात बोर्डाचे पेपर तपासायची. ओसरीवर पंखा, दोन्ही बाजूंना गठ्ठे, मांडीवर उशी, हातात लाल पेन. मी तिला एकदा विचारलंच, "मावशी, सगळं वाचतेस?"

"आठ ओळींत सांगायचं ते त्यांनी दोन पानांत सांगितलेलं असतं रे. आठ ओळी कुठे आहेत ते मी शोधते."

"आणि शेवटची पुरवणी?"

"ती वाचते. शेवटच्या पुरवणीत मुलं खरं लिहितात. एकाने लिहिलं होतं, 'मॅडम, आत्याने चार पुरवण्यांची पैज लावली आहे, ही चौथी आहे, हिच्यात काही नाही.'"

"मग किती दिलेस त्याला?"

मावशीने चष्मा कपाळावर सरकवला. "अर्धा. अक्षर चांगलं होतं."