काखेत कळसा, मनामात वळसा

कोविड ओसरला आणि विद्यापीठांना परदेशी विद्यार्थ्यांचा उमाळा आला. बहरीनच्या बुसैतीनमध्ये आयर्लंडच्या शल्यचिकित्सकांचं वैद्यकीय विद्यापीठ २००४ पासून आहे, २०१९ साली रिफ्यात अमेरिकी विद्यापीठही आलं. मुलं हवीत, तीही देशोदेशींची. इकडे भारतात यूजीसीने २०२२ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी पंचवीस टक्के जादा जागांची मुभा दिली. म्हणजे दोन्हीकडे पाट मांडून ठेवलेत, फक्त पाहुणा सापडत नाही.

पाहुणा इसा टाऊनच्या इंडियन स्कूलमध्ये बसलाय. जन्म सलमानियाच्या रुग्णालयात, कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमध्ये अरबीत घासाघीस करतो, घरी आईशी सातारी बोलतो. बहरीनच्या लेखी तो परका. बापाची नोकरी गेली की याचाही व्हिसा गेला. तिथल्या कॉलेजची फी दिनारात, आणि एका दिनाराला दोनशेहून जास्त रुपये. मग पुणे गाठावं, तर वैद्यकीयच्या राज्य कोट्याला दहावी-बारावी महाराष्ट्रातली लागते. बरं, यूजीसीच्या त्या जादा जागा? त्या परदेशी पासपोर्टवाल्यांना. याचा भारतीय! इतका अस्सल आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कुठल्याच व्याख्येत बसू नये, याला कर्तबगारी लागते. खासगी कॉलेजांचा एनआरआय कोटा तेवढा त्याला प्रेमाने ओळखतो. का, ते फीच्या पावतीवर छापलेलं असतं.

महासाथीत तर या पोरांची काळजी फारच घेतली गेली. २०२० च्या 'नीट'ला परदेशात एकही केंद्र नव्हतं. पालक सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑगस्टमध्ये उत्तर मिळालं, 'वंदे भारत'च्या विमानाने या. परीक्षा १३ सप्टेंबरला. तिकीट मिळवा, विलगीकरणाचं बघा, आणि मधल्या वेळेत जीवशास्त्राची उजळणी करा. बहरीनच्या राजधानीला, मनामाला, केंद्र मिळालं २०२२ मध्ये. २०२४ ला परदेशातली सगळीच केंद्रं यादीतून गळली. ओरड झाल्यावर परत आली. (विसरले असतील. मोठ्या देशात होतं असं.)

विद्यार्थी आकर्षित करायला माहितीपत्रकं छापतात, शैक्षणिक मेळे भरवतात. आमची सूचना फुकटची आणि क्षुल्लक आहे: मनामाचं केंद्र दरवर्षी न ओरडता राहू द्या, आणि आखातात राबणाऱ्यांच्या मुलांना अभियांत्रिकीत जसा वेगळा कप्पा दिलाय, तसा वैद्यकीयलाही द्या.

तोवर बहरीनच्या पालकांनो, एक लक्षात ठेवा. अर्जाची मुदत भारतीय वेळेने संपते. इथे बारा वाजतात तेव्हा तुमच्याकडे साडेनऊच झालेले असतात.