आबांचा चित्ता

कोल्हापुरात प्रत्येक घराण्यात एक तरी शिकारी होऊन गेलेला असतो. आजोबा तरी, नाहीतर आजोबांचे चुलते. त्यांनी मारलेलं जनावर पिढीगणिक वीतभर वाढतं. आमच्या आबांच्या चुलत्यांनी लोळवलेलं रानडुक्कर माझ्या लहानपणी माणसाच्या कमरेला लागत होतं. परवा आबांनी पणतवाला गोष्ट सांगितली तेव्हा ते छातीच्या वर गेलं होतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदुका खुंटीला टांगल्या, पण तोंडाने केलेल्या शिकारीला त्यात कलम नाही.

माझी तक्रार थापांबद्दल नाहीच. थापेला हे लोक माना डोलावतात आणि खरं सांगितलं की मला खुळ्यात काढतात, हे दुखणं आहे.

गव्याचंच घ्या. संस्थानच्या काळात दाजीपूर हे छत्रपतींचं शिकारीचं राखीव रान. 1958 साली तिथे गव्यांसाठी अभयारण्य झालं, पुढे त्याची हद्द वाढून ते राधानगरी अभयारण्य झालं. हल्ली गवा उसाच्या वासाने खाली उतरतो आणि कधीकधी पार शहराच्या वेशीपर्यंत येतो. मग पोरं मोबाईल काढून त्याच्या मागे आणि तो बिथरून वाट शोधत पुढे. टनभर वजनाच्या जनावराला फोटोसाठी आडवं जायचं धाडस फक्त आमच्याकडेच आहे, आणि याचा अभिमान बाळगणारेही आमच्याकडेच आहेत. तर गंगावेशीत, समोर धार काढून मिळणारं फेसाळ दूध पीत उभ्या मंडळींत मी एवढंच म्हणालो, की तुम्ही गवारेडा म्हणता खरं, पण तो म्हशीच्या नव्हे, गाईच्या गोतातला. पेले थांबले. म्हशीचा कासरा धरून उभा असलेला गवळी म्हणाला, "आमास्नी म्हैस शिकवायलाईस व्हय?" यावर शास्त्राकडे उत्तर नसतं.

आबांचा हुकमी किस्सा चित्त्याचा. यातला निम्मा भाग इतिहास आहे. कोल्हापूर संस्थानात शिकारी चित्ते पाळत होते. डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना गाडीतून माळावर न्यायचे आणि काळविटांचा कळप दिसला की पट्टी काढून सोडायचे. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणवले. उरलेला निम्मा भाग आबांचा: "चित्त्यानं डरकाळी फोडली की हिकडं रंकाळ्याचं पाणी हलायचं!" आता चित्त्याला डरकाळी फोडताच येत नाही. तो मांजरासारखा गुरगुरतो आणि पिल्लांना हाक मारायची असेल तर चक्क पाखरासारखा चिवचिवतो. हे सांगितल्यावर आबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आफ्रिकेतला चिवचिवत आसंल. आमचा न्हवं."

भेकराचं मात्र त्यांना पटलं. भेकर म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं लहानसं हरीण. त्याच्या मादीच्या पेशीत गुणसूत्रं अवघी सहा, नराच्या सात. तुमच्या-आमच्या पेशीत 46. आबा म्हणाले, "म्हणूनच ते वाघ दिसला की भुंकतंय आन् पळतंय. शेचाळीसवाला फोटो काढत बसतोय."

खरी अडचण रविवारी, पानावर बसल्यावर होते. जगातल्या कोंबड्यांचा मूळपुरुष तांबडा रानकोंबडा. तांबडा म्हटल्यावर समोरच्या वाटीकडे बघून सगळे खूश. पण पुष्कळ कोंबड्यांचे पाय पिवळे असतात, तो पिवळेपणा तांबड्याकडून आलेला नाही. 2008 साली शास्त्रज्ञांनी जनुकं तपासून दाखवलं, की तो राखी रानकोंबड्याकडून आला असावा. म्हणजे आपल्या सह्याद्रीत, राधानगरीच्या झाडीत पहाटे आरवतो तोच. अमेरिकेतल्या माणसाच्या ताटातल्या पिवळ्या तंगडीत आपल्या रानातल्या कोंबड्याचा वाटा आहे, असं मी तांबड्या रश्शाचा भुरका मारून जाहीर केलं. धाकटा चुलता म्हणाला, "मग जगाला चिकन आपणच दिलंय की!" पिवळा रंग तेवढा दिलाय, हे माझं वाक्य पांढऱ्या रश्शात बुडालं. आता ही बातमी पेठेत कुठवर पोचली असेल आणि कितीनं वाढली असेल, देव जाणे.

त्याच पंगतीत मी बटनक्वेल काढलं. दिसायला लाव्यासारखं, पण लाव्याच्या कुळातलं नसलेलं, माळावरच्या गवतात फिरणारं पाखरू. त्याच्यात मादी आकाराने मोठी आणि रंगाने उठावदार. नरासाठी माद्या आपसांत भांडतात. मादी अंडी घालते, ती उबवायचं आणि पिल्लं वाढवायचं काम नरावर सोपवते आणि दुसरा नर शोधायला निघून जाते.

आबांनी भाकरी खाली ठेवली. "कायतरी बोलू नकोस. पोरं बसल्यात."

आतून आजीचा आवाज आला, "त्येला बोलू द्या की. कुठल्या माळावर म्हणालास रं?"