लोक व इतर किरकोळ खर्च

मांजरसुंब्याहून पाटोद्याच्या रस्त्याला लागलं की लिंबागणेश येतं, आणि तिथला गणपती भालचंद्र. चंद्र कपाळावर कसा आला याच्या कथा अनेक आहेत. घरोघरी सांगतात ती अशी, की देवाने मोदक जरा जास्तच खाल्ले, उंदरावरून जाताना तोल गेला आणि वरून चंद्र फिदीफिदी हसला. शाप बसला तो चंद्राला. मोदक किती होते, तूप कुणाच्या खात्यावर आणलं, एवढं खायची गरज होती का, असलं काही देवाला कुणी विचारलं नाही. दोषी ठरला तो हसणारा. घरखर्चाच्या बाबतीत मात्र आपण हा निवाडा उलटा फिरवला आहे. आपल्याकडे पडणाऱ्याला दंड होतो आणि हसणाऱ्याच्या हातात माइक देतात. रिझर्व्ह बँक दरवर्षी आर्थिक साक्षरता सप्ताह पाळते. एरवीही बचतीवर बोलायला शहरातून कुणी ना कुणी येतच असतं. शाल-श्रीफळ घेऊन झालं की वक्ता सांगतो : मिळकतीचे तीन वाटे करा, पन्नास टक्के गरजेला, तीस हौसेला, वीस शिलकीला. हा हिशोब एलिझाबेथ वॉरेन या अमेरिकन बाईंनी २००५ साली मुलीबरोबर लिहिलेल्या पुस्तकामुळे जगभर गेला. त्याच रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम असा, की मायक्रो फायनान्सचं कर्ज देताना घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतात. म्हणजे पन्नास गरजेला, पन्नास हप्त्याला. हौसेचे तीस आणि शिलकीचे वीस कुठे गेले, हे विचारायला श्रोता उठतो तोवर वक्त्याची गाडी घाट उतरलेली असते.

या तीन वाट्यांच्या गणिताला एक पहिली तारीख लागते. ती मास्तरांकडे असते, ग्रामसेवकाकडे असते, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या कोयत्याकडे नसते. कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी. हिशोबाच्या वहीत ही दोन माणसं मिळून एक कोयता. त्यांचा पैसा काम झाल्यावर येत नाही, कामाच्या आधी येतो, एकरकमी, मुकादमाच्या हातून, उचल म्हणून. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगारांचे नेते यांच्यात समझोता होऊन तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, म्हणजे टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. लाखाची उचल फेडायला २७३ टन ऊस तोडावा लागतो. कोयता दिवसाला दोन टन तोडतो असं धरलं तर १३७ दिवस. २०२४-२५ चा हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि मार्च संपण्याआधी बहुतेक कारखान्यांची धुराडी थंड झाली. एकही खाडा न पडता, ताप न येता, लेकरू आजारी न होता कोयता चालला तरी बाकी उरते आणि पुढच्या दसऱ्याला नव्या उचलीत मिसळते. आता या घराने महिन्याचं अंदाजपत्रक कोणत्या महिन्यापासून धरायचं? पैसा आला तेव्हा तो आधीच खर्चलेला असतो, आणि घाम गाळायची वेळ येते तेव्हा आलेला नसतो. अशा घराला तीन वाटे शिकवणं म्हणजे पंगत उठल्यावर ताट मांडण्याची पद्धत शिकवणं.

यावर एक जुना आक्षेप तयारच असतो : हे सगळं खरं, पण मुळात ही माणसंच उधळी, लग्नात उडवतात आणि मग रडतात. हा आक्षेप इतका जुना आहे, की त्याची सरकारी चौकशीसुद्धा होऊन गेली आहे. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले, दस्तऐवज आणि खतं जाळली, आणि हे लोण पुणे-नगरकडच्या गावांत पसरलं. इंग्रज सरकारने आयोग नेमला. साहेबांना आधीच खात्री होती की रयत बुडते ती लग्नकार्यांमुळे. आयोगाने वह्या तपासल्या आणि लिहिलं, की लग्नखर्चाला या बाबतीत वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलं आहे. कर्ज फुगतं ते वारंवारच्या छोट्या नडीने. पोटाला धान्य, पेरणीला बी, बैल आणि सरकारचा सारा, यांनी. त्यावर १८७९ चा शेतकरी संरक्षणाचा कायदाही आला. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात असल्यामुळे आयोगही आपला नव्हता आणि कायदाही. आक्षेप तेवढा मोफत मिळाला, आणि तो दीडशे वर्षं आपण जपून वापरतो आहोत.

तरी मान्य करू, की शिस्त वरून खाली येते आणि घराने राज्याचा आदर्श ठेवावा. राज्याच्या आयव्ययाला आपण पूर्वी अंदाजपत्रक म्हणत होतो, नंतर अर्थसंकल्प हे भारदस्त नाव आलं. शब्द अगदी चपखल आहे, कारण मराठी माणूस संकल्प धरत नाही, सोडतो. तळहातावर पाणी घ्यायचं आणि ताम्हनात सोडायचं. मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्राने ७ लाख कोटींचा संकल्प सोडला. त्यात महसुली तूट ४५ हजार ८९१ कोटींची, आणि वर्षाअखेरीस कर्जाचा डोंगर ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल हा अंदाज त्यातच दिलेला. जुलै उजाडेपर्यंत आणखी ५७ हजार कोटींच्या पुरवणी मागण्या सभागृहात हजर. पुरवणी मागणी! काय शब्द आहे. लिंबागणेशच्या एखाद्या बाईने महिन्याच्या मध्यात डबा रिकामा झाल्याचं सांगितलं की तिला हात सैल म्हणतात. तिने हेच 'आपणासमोर पुरवणी मागणी सादर करते' असं म्हटलं, तर निदान सासऱ्यांना बाक वाजवावं लागेल. त्याच राज्याने ऑगस्ट २०२४ पासून तिच्या खात्यात महिन्याला पंधराशे रुपये टाकायला सुरुवात केली. त्यानंतर चावडीवरची मंडळी तिच्या टिकली-पावडरीचं लेखापरीक्षण करू लागली. पंधराशे म्हणजे चार टन, कोयत्याचे दोन दिवस. राज्याची महसुली तूट याच मापाने मोजायची तर १२५ कोटी टन भरते; हंगामाला साडेआठ कोटी टनांच्या आसपास गाळप धरलं तर महाराष्ट्रातला सगळा ऊस पंधरा वर्षं तोडत बसावं लागेल. लेखापरीक्षणाची हौस असणाऱ्यांनी तिकडून सुरुवात केली तर दिवसही बरे जातील.

म्हणून मला वाटतं, की अनावर खर्च हा आजार आपण चुकीच्या माणसाच्या मनात शोधतो आहोत. शहरातला माणूस रात्री दोन वाजता अंथरुणात पडल्या पडल्या बूट मागवतो, ती त्याच्या डोक्यातली खाज. गावातला सक्तीचा खर्च खर्च करणाऱ्याच्या डोक्यात नसतोच. तो शेजारच्या ओट्यावर बसलेला असतो. बस्ता बांधायला पाच माणसं नेली तर सोयरे रुसतात, म्हणून पंचवीस न्यायची, आणि त्या पंचविसांचा नाश्ता बस्त्यात धरायचा. फेटे मोजून आणले तर ज्याला मिळाला नाही तो जन्मभर ते मोजतो. वरातीला डीजे नसेल तर 'काय अडचण होती का?' असं इतक्या मायेने विचारतात की माणूस पुढच्या कार्यात दोन लावतो. आता जेसीबीच्या बकेटमधून फुलं उधळायची रीत आली आहे. जे यंत्र पाझर तलावाचा गाळ काढायला मिळत नाही ते भावी सरपंचाच्या वाढदिवसाला तासाच्या भाड्याने हजर असतं. यातला एकही खर्च घरातल्या कुणाला हवा म्हणून झालेला नसतो. घरात विचाराल तर नवरदेवाला झोप हवी असते आणि नवरीच्या बापाला फक्त दिवस मावळायला हवा असतो. तेव्हा हिशोबाच्या वहीत किराणा, दवाखाना, शाळा यांच्या वर पहिलं शीर्षक हवं ते 'लोक'. ते न लिहिता मांडलेलं अंदाजपत्रक म्हणजे बोअरचं पाणी न धरता मांडलेलं उसाचं पीक.

कुणी म्हणेल, हे गरिबाला फार स्वच्छ धुऊन काढणं झालं. त्याला काय मोह नसतात? असतात की. केंद्राच्या २०२३-२४ च्या घरखर्च पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ४,१२२ रुपये निघाला. त्यात धान्यावर पाच टक्क्यांच्या आसपास आणि शीतपेयं, चहा, बिस्किटं, तयार खाऊ यांवर जवळजवळ दहा. रेशनचं धान्य फुकट मिळतं म्हणून पहिला आकडा लहान दिसतो हे खरं, पण पाच रुपयांच्या पुड्यांची माळ दुकानाच्या दारात लटकते ती रिकामी होते म्हणूनच. त्यात फोनवरून पैसे देण्याची सोय आली. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात प्रेलेक आणि सिमेस्टर या दोन अभ्यासकांनी विद्यार्थ्यांना बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांवर बोली लावायला सांगितली. रोख देणाऱ्यांपेक्षा कार्डाने देणाऱ्यांची बोली सरासरी दुपटीच्या घरात गेली. २००१ साली हे छापून आलं. नोट हातातून सुटताना थोडी दुखते, आणि ते दुखणं हाच खर्चाचा लगाम. टपरीवर आता 'प्राप्त झाले' असं यंत्रच मोठ्याने ओरडतं, पण कुणाचे गेले हे ते सांगत नाही. तेव्हा मोह आहे, कबूल. पण पुड्यांची अख्खी माळ वर्षभर रिचवली तरी ती एका वरातीची बरोबरी करत नाही. शिवाय पुडा खाणारं लेकरू तो आवडीने खातं. वरातीबद्दल तेवढंही म्हणता येत नाही.

बचत करा, हा दुसरा सल्ला. कुठे करायची, यावर सल्लागार घसा खाकरतात. बीड जिल्ह्याने हा सल्ला मनापासून ऐकला होता. ज्ञानराधा मल्टिस्टेट या पतसंस्थेत बारा-चौदा टक्क्यांच्या व्याजावर लाखो ठेवीदारांनी हजारो कोटी ठेवले. २०२३ च्या अखेरीस ते मागायला गेले तेव्हा रांगा लागल्या, आणि २०२४ मध्ये अध्यक्षांना अटक झाली. उधळ्या माणसाने निदान वाजवून-गाजवून पैसे घालवले होते. काटकसऱ्याचे शांततेत अडकले. त्याआधीचा बचतीचा उत्तम मार्ग म्हणजे डाळीच्या डब्यातली पुरचुंडी. ती बँकेला माहीत नसते, नवऱ्याला माहीत नसते आणि मुख्य म्हणजे लोकांना माहीत नसते, म्हणून टिकते. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि हे डबे सगळ्या घरादारासमोर उघडावे लागले. किती बायकांनी गुपचूप किती साठवलं होतं हे पाहून पुरुषमंडळी चकित झाली, आणि चकित होऊन झाल्यावर ते पैसे त्यांनी खर्चाला घेतले. बायकांचा हात सैल असतो हा सिद्धांत त्या आठवड्यात कायमचा मोडायला हवा होता.

मग करायचं काय? २०२५ च्या उन्हाळ्यात, पुण्यातल्या एका विवाहितेच्या मृत्यूनंतर, मराठा समाजातल्या मंडळींनी अहिल्यानगरला बसून लग्नाची आचारसंहिता ठरवली : पाहुण्यांना मर्यादा, डीजे नको, प्री-वेडिंग नको. दिशा बरोबर आहे, कारण सक्ती चारचौघांची असेल तर सुटकाही चारचौघांतच व्हायची. एकट्याने केलेल्या काटकसरीला गाव कंजुषी म्हणतं, सगळ्यांनी मिळून केली की तिला परंपरा म्हणतं. पण आचारसंहिता मोडणाऱ्याला काय होतं, हे कुठे लिहिलेलं नसतं, आणि पहिला मोडणारा बहुधा व्यासपीठावरच असतो. म्हणून माझी सूचना जरा वेगळी. रुपया हे माप सोडून द्यावं, कारण तो लाज झाकतो. घरचा सगळा हिशोब टनात मांडावा. चाळीस हजारांचा डीजे ठरवला तर तो १०९ टन, कोयत्याचे पंचावन्न दिवस, थंडीत पहाटे उठून. पंधरा हजारांचा मोबाइल ४१ टन. तोळाभर सोनं २०२५ मध्ये लाखावर गेलं, म्हणजे त्यात अख्खा हंगाम संपला. पण ते अडीअडचणीला गहाण तरी पडतं, डीजे कुणी गहाण ठेवून घेत नाही. मास्तरांनी टनाऐवजी तास धरावेत, पुढाऱ्यांनी काय धरावं हे त्यांचं त्यांनी ठरवावं.

आणि हे आकडे वहीत न ठेवता पत्रिकेवर छापावेत. कुलदैवताचं नाव, प्रेषकांची नावं, चुलते-मामा-आत्या अशी फौज छापतोच आपण. त्याखाली एक ओळ : 'एकूण कार्य ८२० टन, फेड तीन हंगाम.' मंडपात जिथे पुढाऱ्याचा फ्लेक्स लागतो तिथे उरलेले टन लिहिलेला फळा टांगावा. मग पाहुण्याला वाढून झाल्यावर जिलबीची परात घेऊन वाढपी पुन्हा येईल आणि आग्रहाने म्हणेल, "घ्या की पाव्हणं, अजून चौदा किलो!"